नानांच्या पडद्यावरची ती बाई

पितांबर नाना गेले तेव्हा समाजाच्या मंगल कार्यालयात शोकसभा झाली. बोलणारे बोलले. नानांनी कुणाकुणाची लग्नं जमवली, कुठली घरं जोडली, सगळं निघालं. कॉम्प्युटरचं मात्र कुणी काढलं नाही. मला माहीत होतं, पण सभेत उभं राहिलं की माझा आवाज फुटत नाही, म्हणून बसून राहिलो. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करण्यात नोकरी गेली, स्वतःचं काही लिहायची वेळ आली नाही. हे लिहितानाही मधूनमधून वाटतं की कशाला. पण त्या यंत्राने नानांना जे छळलं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे, आणि दुसरं कुणी ते लिहील असं दिसत नाही.

नाना धुळ्याला देवपुरात आमच्या घराला लागूनच राहायचे. जन्मभर एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. लग्नं जमवण्याचा नाद तिथलाच. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन सांगायच्या आधी ते गाडीवाल्याला विचारायचे, "घरात लग्नाचं कोणी आहे का?" निवृत्त झाल्यावर तेच त्यांचं काम झालं. साक्रीपासून पारोळ्यापर्यंतची माणसं त्यांच्याकडे मुलामुलींचे फोटो आणि माहिती आणून द्यायची. नाना त्याचे कधी पैसे घ्यायचे नाहीत. साखरपुड्याला मानाची टॉवेल-टोपी मिळाली की खूश.

या कामात त्यांची एक रीत होती. आलेल्या स्थळाला 'नाही' म्हणायचं नाही. मुलगी पसंत पडली नसेल तर "मुलाचे मामा बाहेरगावी गेलेत, आले की बोलतो." मुलगा पसंत नसेल तर "पत्रिका दाखवायला दिली आहे." समोरचा काही दिवस वाट पाहायचा, समजायचा आणि दुसरीकडे बघायला लागायचा. तशी ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे, नानांनी काही ती काढली नाही. पण त्यांच्याइतकी सफाई कुणाला नव्हती.

"शालिग्राम," ते मला म्हणायचे, "मुलीच्या बापाला तोंडावर नाही म्हटलं ना, की तो घरी जाऊन जेवत नाही. आणि शुभकार्याच्या घरात तो शब्द पाहिजे कशाला?"

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांच्या सुरतच्या मुलाने ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर धुळ्याला पाठवून दिला. आमच्या गल्लीत घरात कॉम्प्युटर असलेले नाना पहिलेच. तो ठेवलेल्या खोलीत चपला घालून जायची बंदी झाली. वरच्या पेटीला हळदीकुंकू लागलं. फोनच्या तारेतून इंटरनेटही आलं, कारण बाहेरदेशी गेलेल्या मुलांची स्थळं आता ई-मेलने येतील असं मुलाने सांगितलं होतं. नानांना टायपिंग येत नव्हतं, मला येत होतं. त्यामुळे सकाळी चहा घेऊन मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मराठी टाइप करायचो आणि पडद्यावर इंग्रजी काही आलं तर वाचून सांगायचो. माझं इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांपुरतं. 'विषयांकित प्रकरणी' याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारा, त्यापलीकडे नाही.

सगळं ठीक चाललं होतं. मग नानांना कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी मिळाली. तिच्यात नक्षीदार चौकटी काढायचा एक प्रोग्राम होता. मुलीच्या माहितीभोवती गुलाबाची फुलं, वर गणपती, कोपऱ्यात कलश. नाना हरखून गेले. आमच्याकडची साधीसुधी माहिती एकदम लग्नपत्रिकेसारखी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आली.

"शालिग्राम, ही कोण?"

मी चष्मा सारखा केला. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली होती. तिच्यात उघड्या खांद्याची एक गोरी बाई हसत होती. खाली इंग्रजी मजकूर.

"काय म्हणते?" नानांनी विचारलं.

मला वाचायचीच लाज वाटत होती. "ती विचारते आहे, नाना, मैत्री करायची का म्हणून."

"कोणाशी?"

"वाचणाऱ्याशी."

स्वयंपाकघरातून शेवंताबाईंचा, म्हणजे नानांच्या मंडळींचा, आवाज आला. "हो म्हणा. तेवढाच मला आराम."

मजकुराखाली तीन बटणं होती. पहिल्यावर 'हो' होतं. दुसऱ्यावर 'नंतर आठवण करून द्या'. तिसरं कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'नको'. नानांनी तिन्हींचा अर्थ माझ्याकडून नीट करून घेतला आणि दुसऱ्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, साहेबाच्या देशातही रीतभात आहे. ते मधलं दाब."

मी दाबलं. बाई गेली. आम्ही पुन्हा कामाला लागलो. एक माहिती टाइप होते न होते तोच बाई हजर. या वेळी तिने नानांची हजारोंतून निवड झाल्याचं सांगितलं. आम्ही पुन्हा मधलं बटण दाबलं.

पुढे तो रोजचा त्रास झाला. कधी परदेशची सहल, कधी लॉटरी, कधी वजन कमी करायचं औषध, पण बाई बहुतेक तीच. इंटरनेट बंद ठेवलं तरी यायची. फोनची वायरच काढून ठेवली तरी यायची. टाइप करताना अर्ध्या वाक्यात यायची आणि माझी पुढची अक्षरं कुठेतरी हवेत जायची. मी टायपिस्ट माणूस, मला ओळ तुटलेली सहन होत नाही. दर वेळी आम्ही तिला नंतर यायला सांगायचो आणि ती सांगितल्याप्रमाणे यायची.

एकदा मी भीत भीत म्हटलं, "नाना, ते तिसरं दाबून बघायचं का?"

"तिसरं म्हणजे?"

"नको म्हणून."

नानांनी पेटीकडे बोट केलं. "या पेटीत समाजाच्या पोरीबाळींचे फोटो आहेत, शालिग्राम. त्यांच्या देखत?"

मी मधलंच दाबलं. माझं इंग्रजी चुकलं असलं तर, ते बटण दाबून सगळंच पुसलं गेलं तर, अशीही भीती होतीच.

त्या दिवसांत नानांच्या हातात साक्रीच्या प्रमिलाबाईंच्या मुलीचं काम होतं. प्रमिलाबाईंचे यजमान लवकर वारले होते. अंगणवाडीत काम करून त्यांनी रेशमाला वाढवलं. रेशमा शिवणाचा क्लास चालवायची, वय सत्ताविसाला आलं होतं. तिच्यासाठी दोन स्थळं होती. एक पारोळ्याचं, छगन आप्पांचा मुलगा नवल, प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी मुलगी पाहिली होती, त्यांना पसंत होती, फक्त प्रमिलाबाईंच्या होकाराची वाट होती. दुसरं दोंडाईचाच्या रुपचंदभाऊंचं, मिरचीचा मोठा व्यापार. त्यांनी मुलगी अजून पाहिली नव्हती. नानांना ते मोठं घर रेशमासाठी हवंच होतं. ते प्रमिलाबाईंना आमच्या अहिराणीत म्हणाले, "पारोळावालास्ले जरा थांबाड. पहिले दोंडाईचानं व्हऊ दे." बाईंनी पारोळ्याला निरोप पाठवला, दिराला विचारून सांगते.

रुपचंदभाऊ आणि त्यांच्या मंडळी पुष्पाबाई माहिती बघायला नानांकडे आले. नानांनी सकाळपासून टेबल पुसलं होतं. शेवंताबाईंनी चिवडा केला होता. पाहुण्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्च्या दिल्या आणि नानांनी मला खूण केली. गुलाबाच्या चौकटीत रेशमाचा फोटो उघडला. फिकट निळी साडी, एक वेणी पुढे घेतलेली. फोटो खरंच चांगला होता. पुष्पाबाई पुढे वाकल्या.

आणि नेमकी तेव्हा ती बाई आली. रेशमाच्या तोंडावरच. त्या दिवशी तिच्या अंगावर नेहमीपेक्षाही कमी कपडे होते.

माझा हात बटणाकडे धावला पण बाण भलतीकडेच गेला. नाना "हे आपलं नाही, हे कंपनीचं आहे" असं काहीतरी म्हणत होते. पुष्पाबाईंनी पदर सारखा केला. मी बाईला घालवलं, रेशमा दिसली. पण पाहुण्यांचा चहा संपला होता.

"बराय नाना," रुपचंदभाऊ उठत म्हणाले. "घरात बोलून घेतो. थोरल्या भावालाही विचारावं लागेल."

"हो हो, विचारा की," नाना म्हणाले. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

पाहुणे गेल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. "या टवळीने माझ्या पोरीचं स्थळ घालवलं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून नानांनी एकच धरलं. ती बाई बंद करायची, दोंडाईचाच्या मंडळींना परत बोलवायचं आणि रेशमाचा फोटो निवांतपणे दाखवायचा. पुढचं आपोआप जमेल.

पहिला उपाय शेवंताबाईंचा. जुन्या लुगड्याचा तुकडा कापून त्यांनी पडद्याच्या मधल्या भागावर चिकटपट्टीने लावला. बाई झाकली गेली. रेशमाही झाकली गेली. मग नानांनी रेशमाचा फोटो कडेला सरकवायला लावला. तर बाई लुगड्याच्या वर तोंड काढून हसायला लागली.

"तुमच्या पाहुणीला चहा ठेवू का?" शेवंताबाई विचारायच्या.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाना गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय नाना, ती गोरी कुठल्या समाजाची?" दुसरा म्हणायचा, "समाजाचं जाऊ दे, गोत्र जुळतं का ते बघा." नानांनी तिथला चहा सोडला.

मग आग्रा रोडवरचा कॉम्प्युटरवाला बोलावला. त्याने दोन बटणं दाबली, मान हलवली आणि "व्हायरस आहे, सगळं पुसावं लागेल" असं सांगून पेटी उचलून नेली. परत आली तेव्हा पडदा स्वच्छ होता. बाई नव्हती. आमच्या सगळ्या मुलामुलींची माहितीही नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसलो. माझ्या बोटांना संधिवात आहे, पण कुणाला सांगायचं? सगळं टाइप होत आलं तेव्हा नाना म्हणाले, "शालिग्राम, असं उघडंबोडकं बरं दिसत नाही रे. चौकट पाहिजे." आणि त्यांनी कपाटातून ती सीडी काढून घातली.

दुसऱ्या सकाळी बाई आली.

नानांनी माउस टेबलावर आपटला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काट्यावर असताना गाडीवाल्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेणारा माणूस, तो पडद्याला म्हणत होता, "काय पाहिजे तुले? काय पाहिजे? बठ्ठं घर तू खाई टाकं!" आणि मग दमून मला म्हणाले, "दाब ते नंतरचं."

सीडीमुळेच बाई येते हे तोपर्यंत मलाही कळायला हवं होतं. पण नाना म्हणायचे की ती फोनच्या तारेतून येते, कॉम्प्युटरवाला म्हणायचा व्हायरस, आणि मला या दोघांपुढे स्वतःचं खरं वाटायचं नाही.

इकडे प्रमिलाबाई साक्रीहून दर बाजाराला धुळ्याला यायच्या आणि नानांच्या ओट्यावर पिशवी टेकवायच्या.

"नाना, काय म्हनतस दोंडाईचावाला?"

"त्यास्नी अजून पोरले नीट पाह्यं नही. हाई मशीन बिघडेल शे. तू फिकर नको करू."

"पारोळाले काय सांगू?"

"थोडं थांब."

नाना दोंडाईचाला फोन लावायचे. रुपचंदभाऊ कधी सांगायचे मिरचीचा हंगाम आहे. कधी थोरले भाऊ इंदूरला गेलेत. कधी घरात कुणाला बरं नाही. नाना फोन ठेवून मला सांगायचे, "हंगाम आहे रे, खरंच आहे. त्यांना आत्ता मरायला फुरसत नसेल. तोवर हिचं काहीतरी केलं पाहिजे." आणि बोट पडद्याकडे. थोरले भाऊ इंदूरला, हे वाक्य मी नानांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं. माणूस आणि गाव तेवढं बदललेलं. मला आतून वाटत होतं की हा नकारच आहे, पण नाना या कामातले गुरू, मी त्यांना काय सांगणार.

उन्हं तापायला लागली. लगीनसराई निम्मी सरली. शेवटी शेवंताबाईंनी परस्परच लताबाईंना बोलावलं. लताबाईंची देवपुरात टायपिंगची संस्था होती, आता तिथे त्यांनी चार कॉम्प्युटर ठेवले होते. मोठ्या आवाजाच्या, समोरच्याला वाक्य पूर्ण करू न देणाऱ्या बाई. आल्या त्या चपला घालूनच खोलीत शिरल्या. नानांनी डोळे मिटून घेतले.

बाई पडद्यावर आलीच होती.

"हं. ही आली की तुम्ही काय करता?" लताबाईंनी विचारलं.

"मधलं दाबतो," मी म्हणालो.

"कायम?"

"पहिल्यापासून."

"तिसरं का नाही?"

मी नानांकडे पाहिलं. नाना घसा खाकरून म्हणाले, "आपल्याकडे असं एकदम नाही म्हणत नाहीत, लताबाई."

लताबाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "नाना, अहो तुम्ही हिला रोज सांगताय की नंतर ये. ती येते. तिचं काय चुकलं? सरका इकडे. नाही, मी नाही दाबणार, तुम्हीच दाबा."

नानांनी माउस धरला. बाण इकडेतिकडे फिरला आणि त्या बारीक अक्षरावर टेकला. टक्. बाई गेली नाही. उलट नवी चौकट आली.

"आता काय?"

मी वाचलं. "विचारते आहे, नक्की नको का."

"पंगतीतला आग्रह आहे हा," लताबाई म्हणाल्या. "ताटावर हात आडवा धरा."

नानांनी पुन्हा दाबलं. तिने पुन्हा विचारलं, यापुढे कधीच नको का. नानांनी तेही दाबलं. मग लताबाईंनी सीडीवरून आलेल्या प्रोग्रामची यादी काढून दाखवली. चौकटीच्या प्रोग्रामला चिकटून तो दुसरा आत शिरला होता. तोही नानांच्याच हातून काढवला, चौकटीसकट. गुलाब गेले, कलश गेला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. शेवंताबाई दारात उभ्या. कुणी आलं नाही.

"झालं," लताबाई म्हणाल्या. "माझा क्लास आहे." आणि गेल्या.

इतक्या महिन्यांचा त्रास. मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला. कोणाचा ते कळेना. नाना रेशमाचा फोटो उघडून बसले होते. साधा, बिनचौकटीचा. मग फोन ओढला आणि दोंडाईचाचा नंबर लावला. त्यांच्या फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं मला ऐकू येत होतं.

"रुपचंदभाऊ, पितांबर बोलतो. पडदा साफ झाला. कधी येता मुलगी बघायला?"

"हां नाना... आता असं आहे, थोरले जरा..."

"थोरल्यांचं राहू द्या," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तुमचं हो आहे का नाही आहे, ते सांगा."

पलीकडून रुपचंदभाऊ म्हणाले, "नाना, तुम्ही असं विचारता? आम्हाला वाटलं तुम्हाला तेव्हाच समजलं. आमचं शिरपूरचं ठरलं. साखरपुडासुद्धा झाला."

"त्या बाईमुळे ना?"

"कोणती बाई?"

"अहो ती... माझ्या कॉम्प्युटरवर आली होती ती."

"ती जाहिरात होय? छे हो. आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही येतात तसल्या. आमच्या हिला मुलगी उंचीला कमी वाटली, एवढंच. तुमच्यासमोर कसं बोलायचं, म्हणून थोरल्यांचं नाव घेतलं. तुम्ही तर या कामातले जुने जाणते."

नानांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. प्रमिलाबाई आल्या, पिशवी टेकवली. त्यांनी विचारायच्या आधीच नाना म्हणाले, "प्रमिला, दोंडाईचावालास्नी नही सांगं. पहिल्याच दिवशी. माले समजनं नही."

प्रमिलाबाई उभ्याच राहिल्या. मला वाटलं रडतील. पण त्यांचा चेहरा लाल झाला. "पहिल्या दिवशी? अन् मी दर बाजारले उन्हातान्हात येस, ते काय कसाले? तुम्हले नही सांगता उनं नही, नाना, अन् मन्ही पोर बशी ऱ्हायनी. पारोळानं बी गयं आसी आते."

शेवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तर त्यांनी तो घेतला नाही.

नाना आत गेले, टोपी घालून बाहेर आले. "चल," प्रमिलाबाईंना म्हणाले. मलाही म्हणाले, "शालिग्राम, तू पण चल." मी कशाला ते मला आजही कळलेलं नाही. पण गेलो. पारोळ्याची बस भरली होती. नाना आणि मी उभे, प्रमिलाबाईंना कंडक्टरच्या शेजारी जागा मिळाली.

छगन आप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. आम्हाला तिघांना बघून गोंधळले. पाणी झालं. नाना म्हणाले, "आप्पा, आडवळणाने बोलायला आलो नाही. दोंडाईचाच्या लोकांनी नाही सांगितलं. या बाईंचं तुम्हाला हो आहे. मीच त्यांना थांबवलं होतं. तुमचं आता काय?"

आप्पांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "नाना, आम्ही तर समजलो तुमचंच नाही. दिराला विचारते म्हणाल्या, मग निरोपच नाही." ते प्रमिलाबाईंकडे वळले. "तुम्हाला दीर आहे का?"

"नाही," प्रमिलाबाई खाली बघत म्हणाल्या.

"आम्ही चौकशी केली होती ना. दीर नाही म्हटल्यावर कळलंच. मग एरंडोलची मुलगी पाहिली. चांगली माणसं आहेत. ती आमच्या होकाराची वाट बघत बसली आहेत." आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आता असं एकदम... घरात विचारून तुम्हाला..."

"विचारा," नाना म्हणाले. "आम्ही इथेच ओट्यावर बसतो."

"आत्ता?"

"आत्ता."

आप्पा आत गेले. आतून बायकांचे आवाज, मग कुणीतरी चिडलेलं, मग काहीच नाही. प्रमिलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. आम्ही ओट्यावर तसेच, ऊन पायावर यायला लागलं. मला वाटत होतं उठावं, निघावं, असं कुणाच्या दारात ठाण मांडून बसतात का. नाना हलले नाहीत.

शेवटी मुलगाच बाहेर आला. नवल. खादीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. नमस्कार करून म्हणाला, "माझं हो आहे. माझं आधीपासून होतं. मी घरी म्हटलंही होतं, एकदा सरळ जाऊन विचारू. पण तसं जायची पद्धत नाही म्हणाले." मागे आप्पा उभे होते, त्यांच्या मागे त्यांच्या मंडळी. त्यांनी मान हलवली आणि प्रमिलाबाईंना आत बोलावलं. प्रमिलाबाई उठल्या, आणि ओट्यावरून आत जाताना पहिल्यांदा नानांच्या पायाला हात लावला.

आप्पा मात्र तिथेच घुटमळत होते.

"आता एरंडोलला काय सांगायचं, नाना?" त्यांनी विचारलं. "सांगतो म्हणावं, थोरल्यांना विचारायचं आहे. चार दिवसांत त्यांना कळेल."

नानांनी टोपी सारखी केली. "नको. मी जाऊन सांगतो."

प्रमिलाबाईंना आप्पांकडेच ठेवून तिथूनच आम्ही दोघांनी एरंडोलची बस धरली. घर सापडलं. मुलीचा बाप दर्जी होता, मशीनवरून उठून आला, आम्ही होकार घेऊन आलो असं समजून त्याने आत चहा सांगितला. नानांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. आप्पांचं दुसरीकडे ठरलं, तुमच्या मुलीत काही कमी नाही, आजपासून दुसरीकडे बघा, माझ्याकडे दोन मुलं आहेत, त्यांची माहिती पाठवतो. त्या माणसाचं तोंड उतरलं. "एवढं सांगायला तुम्ही धुळ्याहून आलात?" तो म्हणाला. त्यात राग होता की आश्चर्य, मला सांगता येणार नाही. चहा आला तो कुणी प्यायला नाही.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीशी बसले होते.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेवंताबाईंनी माझंही ताट वाढलं होतं, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. मी जेवलो, भूक लागली होती. नाना हात धुऊन आले, पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, "तो एरंडोलवाला जेवला असेल का रे?" म्हणाले आणि तुकडा तसाच ताटात ठेवून उठले.